झडपेपासून सरकत्या काचेपर्यंत : मुंबई-पुण्याच्या खिडकीचा इतिहास

जुन्या घराचे नूतनीकरण करताना खिडक्या बदलायच्या ठरल्या, की मुंबई-पुण्यातील कुटुंबापुढे आज अनेक कंपन्यांची माहितीपत्रके येतात, आणि कोणत्या नावावर विश्वास ठेवावा हा त्या घरातील काही आठवड्यांचा वादविषय होतो. ही निवड आता इतकी स्वाभाविक वाटते, की ती किती अलीकडची आहे याचा विसर पडतो. या प्रदेशात खिडकीचा आकार, तिचे लाकूड किंवा धातू, तिची उघडण्याची रीत या गोष्टी दीर्घकाळ घरात राहणाऱ्याने ठरवल्याच नाहीत. त्या कधी सुताराने ठरवल्या, कधी जंगलातून येणाऱ्या लाकडाने, कधी प्लेगच्या भीतीने हादरलेल्या नगरशासनाने, कधी भाडे गोठल्यामुळे हात आखडलेल्या मालकाने, तर कधी चौरस फुटांचा हिशेब मांडणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाने. रहिवाशाच्या हाती निवड आली ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, आणि तीही या सर्व जुन्या निर्णयांनी आखून दिलेल्या चौकटीतच.

पेशवाईतील वाडा हा आतल्या चौकाकडे तोंड करून बसलेला असे. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू होऊन १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८२८ च्या आगीत त्याचा बहुतेक लाकडी भाग नष्ट झाल्यामुळे पेशवेकालीन खिडकीचा अभ्यास पुण्याचा विश्रामबागवाडा किंवा वाईजवळच्या मेणवलीतील नाना फडणविसांचा वाडा अशा शिल्लक वास्तूंवरूनच करावा लागतो. रस्त्याकडच्या जाड भिंतीत तळमजल्यावर खिडक्या फार थोड्या आणि लहान असत, कारण तेथे संरक्षणाचा विचार आधी येई. उजेड आणि वारा ही जबाबदारी मुख्यतः चौकाची होती. वाड्याचे माप खणात मोजले जाई. खण म्हणजे दोन लाकडी खांबांमधील अंतर, आणि वरच्या मजल्यावरची खिडकी या खणातच बसत असल्यामुळे तिची रुंदी तिच्या पलीकडच्या दृश्याने नव्हे, तर तुळईच्या लांबीने ठरे. माणसे जमिनीवरच्या बैठकीवर बसत असल्याने अशा खिडक्या पुष्कळदा जमिनीलगतच सुरू होत आणि खालच्या भागात लाकडी कठडा असे. त्यांना काच नव्हती. लाकडी झडपा, म्हणजे बिजागरीवर फिरणाऱ्या फळ्या, उभे गज, कडी-कोयंडा आणि रात्रीचा अडसर एवढाच सरंजाम असे. झडप लावली की अंधार आणि उघडली की पाऊस, असा तो सरळ व्यवहार होता. गावातील सुतार हा बलुतेदार असल्याने शेतीच्या अवजारांची दुरुस्ती वार्षिक धान्याच्या वाट्यात होई, घराच्या चौकटी-झडपांचे काम मात्र वेगळ्या मोबदल्याचे मानले जाई. तरी करणारा हात एकच असल्यामुळे घरमालकाला निवडायला सुतार होता, खिडकी नव्हती.

समुद्रकिनाऱ्यावर मात्र अंधार आणि पाऊस यांच्यातील या पेचावर एक वेगळा तोडगा निघाला होता. खाडीच्या गाळात वाढणाऱ्या, तबकडीसारख्या चपट्या शिंपल्याचे कवच इतके पातळ असते, की घासून चौकोनी कापल्यावर त्यातून दुधी उजेड आत येतो, पण ऊन आणि पाणी बाहेर राहते. गोव्यात १६०८ ते १६१० या काळात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने तेथील घरांना काचेऐवजी अशा शिंपल्या लावलेल्या असल्याचे नोंदवले आहे, आणि १६७३ च्या अखेरीस मुंबईत आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर यानेही पोर्तुगीजांनी मागे ठेवलेल्या व कंपनीने बांधलेल्या मोजक्या पक्क्या इमारतींत हाच प्रकार पाहिला होता. चौकोनी कापून चकचकीत केलेल्या त्या तुकड्यांचे त्याला कौतुकच वाटले. लाकडी पट्ट्यांच्या जाळीत असे शेकडो तुकडे बसवून एक झडप तयार होई, एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येई, आणि माल जवळच्या खाडीतलाच असे. काच स्वस्त झाल्यावर ही कला मागे पडली. आज गोव्यातील जुन्या घरांत तिचे नमुने उरले आहेत, पण हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्यामुळे तुटलेल्या झडपेसाठी नवा तुकडा मिळवणे अवघड झाले आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला सर्वांत अनुरूप अशी खिडकी कोणती, असा प्रश्न विचारला तर या शिंपल्यांच्या झडपेचे नाव वरच्या क्रमांकावर घ्यावे लागेल.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईने लाकडाचा प्रश्न समुद्रमार्गाने सोडवला. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मदेशातील सागवानाचा व्यापार मोठ्या प्रमाणावर उभा केला, आणि तेथील राजाशी या कंपनीचा झालेला तंटा १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे तो पावसात फुगत नाही आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. गिरगाव, काळबादेवी, दादर येथील असंख्य चाळी आणि बंगल्यांच्या खिडक्या शंभर वर्षे टिकल्या त्या या गुणामुळे. याच काळात झिलमिली रूढ झाली. झिलमिली म्हणजे तिरप्या, पातळ लाकडी पट्ट्यांची झडप. काही झडपांत मधल्या उभ्या दांडीने सर्व पट्ट्या एकदम वरखाली करता येत, त्यामुळे झडप बंद असतानाही वारा येई, पावसाचे थेंब बाहेर गळून जात आणि समोरच्या घरातल्याला आतले दिसत नसे. तिच्या वरच्या भागात काचेची तावदाने बसू लागली. तावदानाची सपाट काच मात्र दीर्घकाळ मुख्यतः परदेशातून येत राहिली. १९०८ मध्ये लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून तळेगावला उभा राहिलेला पैसा फंड काच कारखाना आणि पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला निघालेला ओगले बंधूंचा कारखाना हे स्वदेशीच्या इतिहासातील अभिमानाचे विषय आहेत, पण त्यांची कीर्ती दिव्यांच्या चिमण्या, बरण्या आणि कंदिलांवर उभी आहे, खिडकीच्या काचेवर नव्हे.

खिडकी हा खाजगी सोयीचा विषय राहिला नाही, तो शासनाचा विषय झाला, याचे कारण १८९६ चा प्लेग. त्या सप्टेंबरात मांडवी भागात रोग उघड झाल्यावर मुंबईच्या नगरशासनाने ज्या उपाययोजना केल्या, त्यांच्या मुळाशी रोग अंधारात आणि कोंदट हवेत वाढतो ही त्या काळची पक्की समजूत होती. पिसू आणि उंदीर यांचा संबंध नंतर सिद्ध झाला. आधी मात्र खोल्यांची कौले काढून ऊन आत सोडले गेले, भिंतींना चुना फासला गेला, आणि ज्या खोलीत उजेड-वारा नाही तिच्यावर ‘मानवी वस्तीस अयोग्य’ या अर्थाची यू.एच.एच. ही इंग्रजी अक्षरे रंगवली जाऊ लागली. रोगाचे कारण चुकीचे ओळखले गेले होते, पण त्या चुकीतून निघालेला नियम योग्य होता, असे म्हणायला हरकत नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नवे रस्ते, नव्या वसाहती आणि चाळी बांधताना खिडकीपुढच्या मोकळ्या जागेला कोनाचे माप लावले. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम या नावाने ते ओळखले जाई. खोलीच्या खिडकीपाशी जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी कल्पित रेषा वर नेली असता समोरची इमारत त्या रेषेच्या खाली राहिली पाहिजे, असा त्याचा आशय होता. सोप्या भाषेत सांगायचे तर दोन इमारतींत जेवढे अंतर, त्याच्या दुपटीहून उंच समोरची इमारत असू नये. इंग्लंडसारख्या थंड आणि तिरप्या उन्हाच्या देशात यासाठी ४५ अंशांचा आग्रह धरला जाई. मुंबईत सूर्य डोक्यावर येत असल्याने आणि जमीन महाग असल्याने सवलत दिली गेली.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या कोनाचा पाठपुरावा जवळजवळ ध्यास घेतल्यासारखा केला. जुन्या, पाठीला पाठ लावून बांधलेल्या चाळी सगळ्याच पाडणे परवडणारे नव्हते, म्हणून मधल्या काही खोल्या काढून टाकून उरलेल्या खोल्यांना खिडकी मिळवून द्यायची, असा मार्ग त्यांनी पुढे आणला. घरमालकांचा विरोध समजण्यासारखा होता. एक खोली गेली म्हणजे एक भाडे गेले. खिडकीला पैशात मोजता येणारी किंमत आहे, आणि ती कुणाला तरी द्यावीच लागते, ही गोष्ट मुंबईत प्रथम उघडपणे मांडली गेली ती या वादात. भाडेकरूचे मत त्यात कुणी विचारले नाही. चाळीतली खिडकी सामाईक सज्जावर उघडे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत. त्यामुळे अनेक कुटुंबे खालच्या झडपा दिवसभर लावून वरच्या तेवढ्या उघड्या ठेवत, आणि नियमाने मिळालेल्या उजेडाचा निम्मा भाग संकोचाला अर्पण होई.

१९३० च्या दशकात बॅकबेच्या भरावावर आणि ओव्हल मैदानासमोर उभ्या राहिलेल्या इमारतींनी खिडकीला नवे रूप दिले. या इमारतींच्या शैलीला आज आर्ट डेको म्हणतात, आणि त्यांच्यासह व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यामुळे भिंतीवरचा भार कमी झाला, खिडकी कोपऱ्यात वळू लागली, तिच्यावर भुवईसारखे लांब छज्जे आले, आणि लाकडाच्या जाड चौकटीच्या जागी पोलादाची अरुंद पट्टी दिसू लागली. इंग्लंडमधील ब्रेनट्री गावच्या क्रिटल कारखान्याने १८८४ पासून घडवलेला हा पोलादी खिडकीचा प्रकार जगभर पसरला होता. त्यात तापवून लाटलेल्या, झेड आकाराच्या छेदाच्या पट्ट्या जोडून चौकट करत आणि काच बाहेरून लांबीने बसवत; लांबी म्हणजे खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेला लगदा, जो हवेत हळूहळू घट्ट होतो. १९३७ मध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले. मध्यमवर्गीय ग्राहकाला घराचे भाग निवडायला शिकवणारा हा उपक्रम होता. परंतु १९३७ मध्ये तेथे येणारा बहुसंख्य प्रेक्षक भाडेकरू होता, आणि भाडेकरूला प्रदर्शनात पाहिलेली खिडकी घरी लावण्याचा अधिकार नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाने हा सगळा प्रवाह थोपवला. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तेथील साग येईनासा झाला, पोलाद युद्धाकडे वळले. त्यानंतरच्या १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. या कायद्याने लाखो कुटुंबांचे छप्पर टिकवले हे निर्विवाद, पण त्याची एक बाजू खिडकीवर लिहिलेली दिसते. गोठलेल्या भाड्यात मालकाला रंगरंगोटी परवडेना, आणि मालकीची नसलेली झडप बदलणे भाडेकरूला शहाणपणाचे वाटेना. सागाची खिडकी तेलपाणी न करता पंधरा-वीस पावसाळे काढते, त्यानंतर खालचा आडवा भाग कुजतो, बिजागरी सुटते, आणि झडपेच्या जागी आधी पत्रा, मग प्लायवूड, मग ताडपत्री येते. १९६९ च्या कायद्याने अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ आणि रहिवाशांवर उपकर आला. सुमारे साडेएकोणीस हजार इमारती या उपकराच्या कक्षेत होत्या. पण मंडळाचे पैसे खांब, तुळया आणि जिने वाचवण्यातच संपणारे होते. पुण्यात जुन्या खिडक्या नाहीशा करण्याचे काम १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने एका दिवसात केले. नदीकाठच्या पेठांतील मातीत बांधलेले वाडे कोसळले, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या वसाहतींत खण, चौक आणि लाकडी कठड्याची खिडकी परत आली नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत खिडकी प्रमाणित झाली. भारतीय मानक संस्थेने पोलादी दारे-खिडक्यांसाठी १०३८ क्रमांकाचे आणि ॲल्युमिनियमच्या दारे-खिडक्यांसाठी १९६१ मध्ये १९४८ क्रमांकाचे मानक काढले, आणि १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली. त्या संहितेने राहत्या खोलीच्या क्षेत्रफळाशी खिडक्यांचे प्रमाण हवामानानुसार बांधले : उष्ण-कोरड्या प्रदेशात एक दशांश, उष्ण-दमट प्रदेशात एक षष्ठांश. गृहनिर्माण मंडळांच्या वसाहतींत, सरकारी निवासस्थानांत आणि सहकारी संस्थांच्या तीन-चार मजली इमारतींत पोलादी खिडक्यांचे राज्य होते. समुद्राच्या खाऱ्या हवेत मात्र पोलादाला दर दोन-तीन वर्षांनी रंग लागतो. रंग चुकला की गंजाचे पापुद्रे लांबीला बाहेर ढकलतात, काच सैल होते, झडप चौकटीत अडकते, आणि मग ती कायमची उघडी किंवा कायमची बंद राहते.

पोलादी खिडकीच्या काळातच दुसरी एक वस्तू घराला चिकटली आणि तिने पुढचा इतिहास ठरवला. ती म्हणजे बाहेर काढलेली लोखंडी जाळी, बोलीत ‘बॉक्स ग्रिल’. चोरांपासून संरक्षण हे तिचे जाहीर कारण. पण भिंतीच्या बाहेर फूट-दीड फूट काढलेल्या या पिंजऱ्यात कुंड्या, पाण्याची पिंपे, वाळत घातलेले कपडे, लोणच्याच्या बरण्या आणि एअर कंडिशनरचा बाहेरचा भाग मावतो, म्हणजेच ती महागड्या शहरातील फुकटची अर्धी खोली आहे. बाहेर उघडणारी झडप या सामानावर आपटू लागली. आत उघडणारी झडप लहान खोलीत पलंगावर आणि पडद्यावर आपटे. कोणत्याही बाजूला जागा न मागणारी खिडकी हवी होती, आणि ती सरकती खिडकी होती.

सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचा प्रसार १९९० नंतर इतक्या वेगाने का झाला, याचे उत्तर धातूच्या धोरणात सापडते. १९७० च्या ॲल्युमिनियम नियंत्रण आदेशानुसार या धातूची किंमत आणि वाटप सरकारच्या हाती होते आणि उत्पादनाचा मोठा हिस्सा विजेच्या तारांसाठी राखलेला होता. १९८९ मध्ये हे नियंत्रण उठले. याच सुमारास भट्टीतून निघालेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट करण्याचे तंत्र, जे इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केले होते, भारतात आले. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात तळोज्याला आणि २००० मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरला अशा काचेचे कारखाने सुरू झाले. लहरी नसलेली मोठी काच आणि साच्यातून ढकलून काढलेली हलकी पट्टी एकत्र आल्या, आणि प्रत्येक नाक्यावर एक फॅब्रिकेटर, म्हणजे पट्ट्या मापाने कापून खिडकी जुळवणारा कारागीर, दुकान थाटून बसला. तो सुताराचाच वारस होता.

या धंद्याने स्वतःची बोली घडवली. ‘टू-ट्रॅक’ म्हणजे दोन काचा सरकवणाऱ्या दोन खाचांची चौकट, ‘थ्री-ट्रॅक’ म्हणजे त्यात डासांच्या जाळीची तिसरी खाच. ‘पाऊण इंची’ हा हलका छेद आणि ‘डोमल’ हा भारी. ‘बेअरिंग’ म्हणजे खालची चाके. भिंतीच्या कडेला आधी चारही बाजूंनी कडप्पा, संगमरवर किंवा ग्रॅनाइटची पट्टी बसवायची आणि त्या दगडी चौकटीत खिडकी ठोकायची, ही रीतही मुंबई-पुण्यातच भक्कम झाली. पावसाळ्यात झिरपणारे पाणी पुष्कळदा काचेतून नव्हे, तर दगड आणि वीट यांच्या सांध्यातून येते, ही गोष्ट ग्राहकाला खिडकी बदलून झाल्यावर कळते. भाव चौरस फुटाने सांगितला जाई, आणि येथेच खरी मेख होती. चौरस फूट तोच राहतो, पण पट्टीची जाडी कमी केली की धातूचे वजन घटते आणि नफा वाढतो. दोन कारागिरांच्या दरांत तीस टक्क्यांचा फरक दिसला, तर तो बहुधा हाताच्या कौशल्याचा नसून पट्टीच्या वजनाचा असे. सरकत्या खिडकीचे एक न्यून मात्र कुणी भावात मोजले नाही : दोन काचांपैकी एक नेहमी दुसरीमागे असते, म्हणून ती कितीही उघडली तरी भोक अर्धेच.

त्यात भर पडली ती चटईक्षेत्राच्या गणिताची. चटईक्षेत्र निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधता येईल याची मर्यादा. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनीला सवलती होत्या आणि अधिमूल्य भरून ती खोलीत मिळवून घेता येई. त्यामुळे बाल्कनीचा कठडा गेला आणि त्या जागी भिंतभर सरकती काच आली. फुलझाडांच्या ओट्यांनाही निर्देशांकातून सूट असल्याने ते इमारतींना सर्व बाजूंनी फुटले आणि ताबा मिळताच फरशीच्या पातळीला आणून खोलीत घेतले गेले. २०१२ च्या सुधारणेने असे ओटे, बाल्कन्या आणि कोनाडे गणतीत आणले. एका पिढीच्या घरांत खिडकी इतकी रुंद का आणि सावली देणारा छज्जा इतका तोकडा का, याचे उत्तर सौंदर्यदृष्टीत शोधून मिळत नाही.

कंपनीचे नाव ही गोष्ट या इतिहासात २००० नंतर आली, आणि ती आली प्लास्टिकबरोबर. यूपीव्हीसी म्हणजे मऊ करणारे द्रव्य न घातलेले, कडक पॉलिव्हिनाइल क्लोराइड. त्याची खिडकी १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत विकसित झाली, आणि तेथील थंडीत ती लोकप्रिय होण्याचे कारण उघड होते, कारण ॲल्युमिनियममधून उष्णता या पदार्थापेक्षा हजार पटींहून अधिक वेगाने वाहते. भारतात डीसीएम श्रीराम समूहाची फेनेस्टा ही या मालाची पहिली घरोघरी पोहोचलेली खूण ठरली. व्हेका, रेहाऊ, कोमर्लिंग ही जर्मन नावे मागोमाग आली. ॲल्युमिनियमनेही मग कारखान्यात जुळवलेल्या, ठरावीक मापाच्या खिडक्यांचे रूप घेतले, ज्यांत जपानी लिक्सिल समूहाची टोस्टेम आणि हिंदाल्कोची इटर्निया यांची नावे ग्राहकाच्या कानावर असतात.

या नावांची तुलना करताना एक भेद क्वचितच स्पष्ट केला जातो. काही कंपन्या पट्टी घडवण्यापासून भिंतीत खिडकी बसवण्यापर्यंत सर्व कामे स्वतःच्या जबाबदारीवर करतात; इतर पुष्कळ कंपन्या फक्त पट्टी विकतात आणि खिडकी जुळवतो तो स्थानिक फॅब्रिकेटर, काच तिसऱ्याची असते, बिजागऱ्या-कुलुपे चौथ्याची. दुसऱ्या प्रकारात चौकटीवरचे नाव जर्मन असले, तरी कोपऱ्याचा सांधा, जो सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसला वितळवून जोडला जातो, आणि आतल्या पोकळीत घालायची जस्तलेपित पोलादी पट्टी हे दोन्ही नाक्यावरच्या कारागिराच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहतात. ही पोलादी पट्टी बाहेरून दिसत नाही, आणि ती वगळली तर रुंद झडप दोन-चार उन्हाळ्यांत झोल खाते. पट्टीलाही हवामान असते. युरोपातील १२६०८ क्रमांकाचे मानक सूर्याच्या वार्षिक तापानुसार सौम्य आणि तीव्र असे दोन वर्ग मानते, आणि दिसणाऱ्या बाजूची भिंत २.८ मिलिमीटर असेल तर तिला अ वर्ग, २.५ मिलिमीटर असेल तर ब वर्ग देते. महाराष्ट्राचे ऊन तीव्र वर्गातले आहे. पांढऱ्या रंगासाठी घातलेले टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण अडवते. ते कमी पडले तर पट्टी पिवळी पडून ठिसूळ होते, त्यामुळे युरोपसाठी केलेला माल जसाच्या तसा सोलापूर-नागपुरात लावणे हा शहाणपणा नव्हे.

प्लास्टिक चांगले की ॲल्युमिनियम, हा वाद जाहिरातींत उष्णतेच्या वहनावरून लढवला जातो, पण तो मुद्दा जर्मनीतून मालाबरोबर आलेला आहे. मुंबईत वर्षाचा बराच काळ खिडकी उघडी असते आणि घर तापते ते चौकटीमुळे नव्हे, तर पश्चिमेच्या काचेतून थेट येणाऱ्या उन्हाने. येथे दुहेरी काच घेणारा ग्राहक बहुधा उष्णतेसाठी नव्हे, तर रस्त्याच्या आवाजासाठी पैसे मोजतो. खऱ्या कसोट्या पाणी आणि वारा यांच्या आहेत. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात मुंबईचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्याचा ३९ मीटर धरला आहे. विसाव्या मजल्यावरच्या खिडकीला पावसाचे पाणी वरून नव्हे, तर आडवे आणि कधी खालूनही लागते. खालच्या खाचेतील पाणी बाहेर सोडणारी भोके, त्या खाचेच्या आतल्या ओठाची उंची आणि काचेभोवतीचे रबर यांवर पावसाळा निभतो, आणि या तिन्ही गोष्टी माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर नसतात.

निवडीच्या या स्वातंत्र्याला सामूहिक मर्यादाही आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत इमारतीच्या बाह्यरूपात बदल करायला संस्थेची संमती लागते, आणि १९९५ च्या वारसा नियमावलीच्या यादीतील इमारतींना त्याहून कडक बंधने आहेत. तरीही मरीन ड्राइव्हवर एकाच इमारतीत मूळची पोलादी खिडकी, तपकिरी ॲल्युमिनियम आणि पांढरे प्लास्टिक शेजारीशेजारी दिसते. मूळ पोलादी चौकट घासून, गंजरोधक थर देऊन पुन्हा वापरता येते आणि सागाच्या झडपेचा कुजलेला खालचा भाग तेवढाच कापून जोडता येतो. पण असे काम करणारे हात कमी उरले आहेत, आणि त्यांना देता येण्याजोगे हमीपत्र नसते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी आणलेल्या इको निवास संहितेने शंभर वर्षांपूर्वीचा ऑर यांचा प्रश्न नव्या भाषेत पुन्हा विचारला आहे. उष्ण-दमट हवामानात, म्हणजे मुंबई-कोकणात, प्रत्यक्ष उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र खोल्यांच्या क्षेत्राच्या १६.६६ टक्के असावे, असे ती सांगते, आणि हे क्षेत्र मोजताना बिजागरीवर उघडणाऱ्या खिडकीचे ९० टक्के, तीन काचांच्या सरकत्या खिडकीचे ६७ टक्के आणि दोन काचांच्या सरकत्या खिडकीचे फक्त ५० टक्के धरते. या हिशेबाने पाहिले तर खिडकी बदलणाऱ्या कुटुंबासाठी कंपनीचे नाव हा दुसरा प्रश्न ठरतो. बाहेरची जाळी भिंतीलगत घेऊन झडप पुन्हा उघडती करता येईल का, हा पहिला.